बन्सीधर मामांच्या गुळाचा बार

सुकेशनीने चिमटीत मावेल एवढाच गूळ काट्यावर ठेवला आणि बन्सीधर मामांचा चेहराच उतरला. गुऱ्हाळावरून ते अख्खी ढेप खांद्यावर घालून गंगाखेडच्या या प्रयोगशाळेत आले होते. गुळात शिसं नाही असा दाखला मिळाला, तरच मोठा व्यापारी त्यांचा माल उचलणार होता.

"ताई, एवढ्यानं काय कळायलंय? मुंगीला बी पुरायचं न्हाई ह्ये!"

"पुरतं मामा. हे नवीन मशीन आहे. थोडासा गूळ, थोडंसं ॲसिड, आणि बंद डब्यात मायक्रोवेव्हनं तापवायचं. गूळ पार विरघळला, की त्यात शिसं आहे का ते बघायचं. धूर नाही, नासाडी नाही."

पूर्वी इथे उघड्या भांड्यात ॲसिड उकळायचं आणि खोकून खोकून डोळ्यांतून पाणी यायचं. नवं मशीन घ्यावं म्हणून सुकेशनी मालक योगीराज सरांच्या किती मागे लागली होती! शेवटी सरांनी ते घेतलं, पण बजावूनच, "काही बिघडलं तर तू जाण."

तिने गूळ पांढऱ्या, खोल डब्यात टाकला, तेवढ्यात सरांचाच फोन आला. ती खिडकीकडे वळून बोलू लागली. मामांना राहवेना. तपासायचंच तर पोटभर तपासा, असं मनाशी म्हणत त्यांनी ढेपेचा एक खडा मोडला आणि हळूच डब्यात सोडला.

सुकेशनीने परत येऊन आत न बघताच ॲसिड घातलं, झाकण घट्ट आवळलं आणि मशीन चालू केलं. थोड्याच वेळात पडद्यावरचा दाबाचा आकडा उड्या मारत वर जायला लागला. बंद करायला तिने हात पुढे केला आणि...

फाट्!

तांबूस धुराचा लोट उठला. तिने मामांचं मनगट धरून त्यांना ओढतच बाहेर काढलं. मामा पायरीवर मटकन बसले.

"भूकंप झाला का काय, ताई?"

सुकेशनीने दारातून आत डोकावून पाहिलं. सुदैवाने डब्याचं सुरक्षा झाकण तेवढं फुटलं होतं. मशीन आपोआप बंद पडलं होतं.

"मामा, खरं सांगा. डब्यात काय टाकलंत?"

"काय न्हाई. लहानसा खडा."

"केवढा?"

मामांनी मूठ दाखवली. तिची नजर बघून ती आवळत आवळत बोराएवढी केली. एवढ्या गुळाचा वायू बंद डब्यात कोंडला होता.

बातमी कळताच योगीराज सर धावत आले. फुटकं झाकण बघून ते ओरडले, "उद्यापासून कोणालाही आत घ्यायचं नाही!" धूर निवळल्यावर तिने झाकण बदललं, मामांना बाहेर बसवलं आणि चिमूटभरच गूळ पुन्हा तपासला. शिसं नव्हतं. मामा दाखला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सुकेशनी आली आणि दारातच थिजली. रस्त्यापर्यंत गूळवाल्यांची रांग लागली होती, प्रत्येकाच्या खांद्यावर ढेप. सगळ्यांत पुढे पंडित गूळवाले होते.

"ताई, बन्सीधरचा गूळ असला कडक, की तुमची मशीन फुटली म्हणं! व्यापारी त्याला जास्तीचा भाव द्यायलाय. आमचा बी फुटतो का बघा की."

"अहो, गुळाच्या कडकपणानं नाही फुटलं ते!"

"मंग कशानं फुटलं?"

मदतीसाठी तिने मागून आलेल्या सरांकडे पाहिलं. सरांनी रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकली, बोटांवर फीचा हिशेब केला, मग ते तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"सुकेशनी, ती झाकणं फार महाग असतात का गं?"