उराडे डॉक्टरांचं ईथर

उराडे डॉक्टर कुणाशीही बोलताना मध्येच थांबून विचारत, "जागा हायेस ना?" चहाच्या टपरीवर विचारत, लग्नाच्या पंगतीत विचारत. एकदा अहेरीच्या बाजारात भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्यालाही त्यांनी खालून ओरडून हेच विचारलं होतं.

आमच्या दवाखान्यात ते भूल देत आणि मी औषधं वाटत असे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरांत भुलीची मोठमोठी यंत्रं आली होती; आमच्याकडे वीज आली तर यायची. म्हणून तारेच्या जाळीवर गॉजच्या विरळ कापडाची घडी, घडीवर ईथरचे थेंब, आणि जाळी रोग्याच्या नाकावर. "ईथरले ना मशीन लागत, ना लाइट. फक्त धीर लागते," डॉक्टर म्हणत. कारण ही भूल हळू चढते, हळूच उतरते. पण ठिणगी दिसली की ईथर भडकतं. त्यामुळे डॉक्टर येताना दिसले की लोक मुकाट्यानं बिड्या विझवत. एका नवरदेवाला ओवाळायचं निरांजन तर त्यांनी फुंकर मारून विझवलं. "माह्या कपड्याले वास हाये. उगाच वरात पेटायची!"

एकदा बुधरीबाई आली. जंगलातल्या गावची, पोटात मोठा गोळा, सोबत एक कोंबडा आणि अर्धं गाव. ऑपरेशनशिवाय ती वाचत नव्हती, पण भूल घ्यायला तयार होईना.

"मी झोपली अन् जीव परत नाई आला त?"

"येते ना बाई. सगळ्यायचा येते."

"मंग आधी या कोंबड्याले झोपव. तो उठला त मी झोपते."

सर्जनसाहेब चिडून चहा प्यायला निघून गेले. उराडे डॉक्टर मात्र व्हरांड्यात मांडी घालून बसले. कोंबड्याच्या चोचीवर जाळी धरून त्यांनी जपून दोनच थेंब टाकले. कोंबड्यानं पाय झाडले, बांग अर्ध्यातच सोडली आणि मान टाकली. मागून कुणीतरी म्हणालं, "गेला. आता रस्साच करा."

डॉक्टर घामानं निथळत त्याच्या छातीला नळी लावून बसले होते. "जागा हायेस ना? ए राजा, जागा हायेस ना?"

बऱ्याच वेळानं राजानं एक डोळा उघडला. उठला, दारुड्यासारखा दोनदा आडवा झाला आणि भर दुपारी खणखणीत आरवला. टाळ्या थांबायच्या आत बुधरीबाई आपल्या पायांनी ऑपरेशनच्या खोलीकडे निघाली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी डॉक्टरांना घरी जेवायला न्यावं म्हणून मी वॉर्डात गेलो. ते तिच्या खाटेशी स्टुलावर बसलेले. ईथर उतरताना माणसाला मळमळतं, घाबरं होतं, म्हणून रोगी उठेपर्यंत ते हलत नसत, हे आम्हाला ठाऊक होतं. पण बुधरीबाई केव्हाची जागी होती, चांगली बोलत होती.

"साहेब, चला ना. तिची भूल तर उतरली."

"थांब जरा. काऊन घाई करून राह्यला?"

बुधरीबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुह्या घरी कोणी वाट पाहात नाई का रे, बाबू?"

नाडी पाहायला डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं. नाडी मोजून झाली, तरी ते धरूनच बसले. तिनंही हात काढून घेतला नाही.