कोंबड्यांचं कॅल्शियम

आत्माराम तांडेलाचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्याला दोन वर्षं झाली. मधल्या तपासणीत आतड्यात दोन बारीक कोंब, म्हणजे पॉलिप, दिसले. डॉक्टरांनी ते काढले आणि रोज एक कॅल्शियमची गोळी लिहून दिली. म्हणाले, "पुन्हा येणारच नाहीत, अशी हमी नाही. पण गोळीची मदत होईल."

गोळी ही एवढी, खडूच्या तुकड्यासारखी. मिरकरवाड्यातून चाळीस वर्षं होडी बाहेर काढलेला माणूस, वादळाला कधी भ्याला नाही, गोळीला भ्याला. बायकोने, गोदाने, ती त्याच्या तळहातावर ठेवली की हा गोळीकडे न बघताच मूठ मिटायचा.

"मागल्या दारी जाऊन घेतो गो, ठसका लागतो," म्हणायचा आणि चपलेखाली चुरडून कोंबड्यांना घालायचा.

महिन्याभरात अंडी अशी टणक झाली की कढईच्या काठावर आपटली तर कढई हलायची. शेजारची जनी विचारायला आली, "गोदाकाकी, कोंबड्यांना काय घालतेस?"

"यांना विचार," गोदा म्हणाली.

तांडेल मान खाली घालून कुळथाची पिठी ओरपत राहिला. "हल्ली पिठी कचकचते."

"दात झिजले तुमचे. गप जेवा."

वर्षाने तपासणीचा दिवस आला. रिक्षा दारात उभी. तांडेल निघाला, तर सातही कोंबड्या त्याच्या मागे रिक्षात चढल्या. गोळीची वेळ झाली होती ना! सून मृणाली बघतच राहिली. "बाबा, ह्या तुमच्या मुठीकडे काय बघतायत?"

तांडेलाने कोंबड्या एकेक करून खाली उतरवल्या. रस्ताभर तो बायकोला सांगत राहिला, "गोदे, एक पण गोळी पोटात गेली नाय गो. आता परत काय निघालं तर?"

गोदा खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत होती.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "एकही कोंब नाही."

"पण गोळ्या तर कोंबड्यांनी खाल्ल्या!" तांडेल रडकुंडीला आला.

"कोंबड्यांनी शिंपले खाल्ले," गोदा म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी बघितलं मी तुम्हाला. कालवणातल्या तिसऱ्यांचे शिंपले कुटून, तांदळाच्या पिठात वळून तुमच्या हातावर ठेवत होते. खरी गोळी डॉक्टरांना विचारून, कुटून, रोज तुमच्या पिठीत घातली."

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून हसले.

दुसऱ्या दिवशी तांडेलाने सगळ्यांसमोर गोळी गिळली. मग पिठीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आज चव नाय गो पिठीला."