रावजी साळिंदराची भीती

बसा रे सगळे, आणि शेपट्या आवरून बसा. गोष्ट जंगलातली आहे आणि जंगलात एक नाटक कंपनी होती. जंगलात नाटक कंपनी कशी, असं ज्याला विचारायचं असेल त्याने घरी जाऊन अभ्यास करावा.

कंपनीचा मालक होता एक गवा. त्याला सगळे शेठ म्हणत. या कंपनीत रावजी नावाचं एक साळिंदर कामाला लागलं. रावजीला लहानपणापासून राजा व्हायचं होतं. खरा नव्हे, नाटकातला. खऱ्या राजाला टाळ्या हुकमानेच मिळतात, त्यात काय मजा?

पण राजाचं काम बिबट्याकडे होतं. बिबट्याकडून काम काढून घ्यायला जाणार कोण? रावजीला पहारेकरी केलं. पुढे यायचं, भाला आपटायचा आणि म्हणायचं, "महाराज, शत्रू वेशीवर आला!" बस्स, एवढंच.

पहिल्या खेळाला समोरची गर्दी बघून रावजी असा घाबरला की पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा होता. काटे त्यात रुतले. रावजी एक पाऊल पुढे आला, तर त्याच्याबरोबर राजवाडाही आला. पाहतात तो मागे शत्रूचा सेनापती आणि महाराणी एकाच बशीतून चहा पीत बसलेले.

"महाराज, शत्रू वेशीवर आला!" रावजी ओरडला.

माकडं हसता हसता तंबूच्या दोरांवरून खाली पडली.

रावजी घरी येऊन ढसाढसा रडला. "सगुणा, माझी लाज गेली गं!"

"लाज गेली, पण काम राहिलं ना?" त्याची बायको म्हणाली. "जेवून घ्या आधी."

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. "रावजी, आजही तेवढंच घाबरायचं. काय?"

ते सांगायची गरजच नव्हती. रावजी रोज घाबरायचा. नाटकं बदलली, राजे बदलले, पण पहारेकरी तोच आणि राजवाडा पडणार म्हणजे पडणार. जाहिरातीत रावजीचं चित्र बिबट्यापेक्षा मोठं झालं. तो बाजारात मुळा घ्यायला गेला की खारूताई आधी हसायची, मग मुळा द्यायची. कोणाच्या मयताला गेला तर लोक तोंडाला फडकं लावून हसायचे.

"शेठ, एकदा मला राजा करा," रावजी म्हणायचा.

"करू की," शेठ म्हणायचे. तुमचे बाबा सर्कशीला नेऊ म्हणतात ना, अगदी तसंच.

पण बाळांनो, रोज रोज घाबरायचं म्हटलं की भीतीलाही कंटाळा येतो. एके दिवशी रावजीचे काटे उठलेच नाहीत. त्याने वाक्य म्हटलं, स्पष्ट आणि खणखणीत. शत्रू खरोखर वेशीवर आल्यासारखं वाटलं. तंबूत शांतता. राजवाडा जागच्या जागी.

टिटवी नाटकांची परीक्षणं लिहायची. तिने लिहिलं, 'रावजींचा अभिनय आता संयत झाला आहे.'

"संयत!" शेठनी कपाळावर खूर मारून घेतला. "असलं छापून आलं की तंबूकडे चिटपाखरूही फिरकत नाही. रावजी, या हंगामात हशा परत आला नाही, तर पुढच्या हंगामापासून तुम्ही पडदा ओढायचा!"

रावजीने तळ्यात बघून सराव केला. काटे हुकमी उभे करायला शिकला. पण पहिल्या रांगेत ससे बसायचे, आणि भीतीतलं सशांना जेवढं कळतं तेवढं कोणालाच कळत नाही.

"हा घाबरलेला नाहीये," एक ससा म्हणाला. "सोंग करतोय." झालं, कोणी हसेना.

शेवटी सगुणाच विंगेत येऊन उभी राहिली. रावजी रंगमंचावर पाऊल टाकणार, तेवढ्यात ती कानात म्हणाली, "अहो, आपला झिप्रू म्हणतोय, मीही नट होणार."

झिप्रू त्यांचा एकुलता एक मुलगा. रावजीचे काटे असे उठले की राजवाडा तर आलाच, शेजारचा बगीचाही आला. ससे एकमेकांच्या अंगावर लोळले.

"खरंच म्हणाला तो?" रावजीने घरी विचारलं.

"छे हो! तुम्हाला घाबरवायला बोलले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विंगेत, "अहो, आज शेठना भेटून आला." मग, "अहो, तळ्यात बघून मिशा चिकटवत होता." रोज रावजीला वाटायचं, ही थापा मारतेय. आणि रोज वाटायचं, नसली मारत तर? बापाचं काळीज ते, त्याला कोण समजावणार?

रावजी म्हातारा झाला तेव्हा कंपनीने त्याचा सत्कार ठरवला. शेठनी शब्द पाळला. एका प्रवेशापुरता रावजी राजा झाला.

मुकुट घालून तो सिंहासनावर बसला आणि प्रजेला उद्देशून बोलू लागला. काय बोलला म्हणून सांगू! सशांनी गाजर चघळायचं थांबवलं. बिबट्याने हळूच डोळे पुसले. रावजीला वाटलं, जमलं. आयुष्यभर हेच तर हवं होतं.

तेवढ्यात पहारेकरी आला आणि भाला आपटून म्हणाला, "महाराज, शत्रू वेशीवर आला!"

तो झिप्रू होता.

रावजीने आधी पोराच्या पाठीकडे पाहिलं. सगळे काटे चापूनचोपून बसलेले. आवाज खणखणीत. भीतीचा मागमूस नाही. पोरगं खरोखरीचा नट होतं. म्हणजे आता उपाशी मरणार होतं.

रावजीचा मुकुट उडाला, सिंहासनाची गादी फाटली, आणि तो पोराकडे धावला तसा राजवाडाही त्याच्यामागून धावला. तंबू हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. फक्त विंगेत उभी असलेली सगुणा हसत नव्हती. तिने रोज खरं तेच सांगितलं होतं.

टिटवीने लिहिलं, 'राजा म्हणून रावजी जरा कमीच पडले. घाबरण्याचा अभिनय मात्र अजोड!'

झिप्रूबद्दल तिने काही लिहिलं नाही. तो सध्या कंपनीत पडदा ओढतो. छान ओढतो.

तात्पर्य : बाळांनो, कोणतीही कला मन लावून शिकू नका. एखादे वेळी ती येऊन बसते.