न तुटलेली साखळी

सुनेने आणलेलं कुलूप सासूबाईंनी दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं, आणि ओट्याजवळच्या खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं.

"हे सायकलचं?"

"हो आई. वायरचं आहे. हलकं असतं, पर्समध्येसुद्धा मावतं."

"पर्समध्ये मावतं म्हणजे चोराच्या खिशातही मावेल. अहो, जरा तुमची पकड आणा बघू."

सासऱ्यांनी जन्मभर नळजोडणीची कामं केली होती. बायकोने हत्यार मागितलं की कशाला हे विचारायचं नसतं, हे ते नळकामाच्याही आधी शिकले होते. त्यांनी पकड आणून दिली. सासूबाईंनी वायर पकडीत धरली, ओठ आवळले आणि दिला दाब. कट्‌! कुलूप इमानदारीने बंदच राहिलं, वायरीची दोन टोकं मात्र दोन्हीकडे लोंबायला लागली.

"बघ. मी साठी उलटलेली बाई, ओट्याशी उभी राहून तोडलं. चोर तर तरणाताठा असतो."

"आई, नवीन होतं हो ते!"

"म्हणूनच म्हणते. जुनं झाल्यावर शिंकेनेसुद्धा तुटलं असतं."

सायकल सासूबाईंची होती, म्हणून एवढं बोलायचा त्यांना अधिकार होता. शिवणाचं दुकान त्यांनी त्याच सायकलीवर उभं केलं. शिवलेले कपडे कॅरिअरला बांधून गावभर घरपोच दिले, आणि इतक्या वर्षांत कुणाची सायकलीला हात लावायची छाती झाली नाही. आता सून एका लॅबमध्ये लागली होती. सकाळी घरोघर जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, असं काम. नोकरी अजून कच्ची. महिनाभर बघू आणि मग ठरवू, असं लॅबच्या मॅडमनी सांगितलेलं. सासूबाईंना खरं तर सून दुकानात हवी होती. शेजारचं मशीन रिकामं पडलं होतं आणि त्यावरची धूळ त्या रोज सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात झटकत. तरी त्यांनी सायकल दिली. पण अट घालून दिली.

"सायकल गेली, की दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी मशीनवर. रडायचं नाही."

"नाही रडणार," सून म्हणाली. तीही काही कमी नव्हती.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे." दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो डबा न घेताच कामावर गेला.

मग वरात निघाली सायकलच्या दुकानात. दुकानदाराने काचेवर एकेक मांडलं. घडीचं कुलूप, घोड्याच्या नालेसारखं यू-लॉक, जाड वायर, बारीक वायर. सासूबाईंनी प्रत्येक कुलूप ओढून पाहिलं. शिवलेल्या कपड्याची प्रत्येक शिवण तीनदा ओढल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. तीच रीत त्यांनी इथे लावली. घडीच्या कुलपाचा एक सांधा त्यांच्या हातात आला.

"मावशी, असं नाही ओढायचं!" दुकानदार कळवळला.

"मग कसं ओढतो चोर? तुम्हाला विचारून?"

शेवटी त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक साखळी पडली होती. कड्या अंगठ्याएवढ्या जाड, वर निळं कापड, आणि कुलूप म्हणजे खलबत्त्यातला खल. सासऱ्यांनी नखाने कडी खरवडली, कानाशी वाजवली आणि म्हणाले, "हे पोलाद आहे." दिवसभरातलं त्यांचं तेवढंच वाक्य.

"उचल," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

सुनेने उचलली. "आई, ही न्यायला दुसरी सायकल लागेल."

"दुसरी सायकल लागली तरी चालेल. पहिली राहील ना!"

साखळी घरी आली. एक किल्ली सुनेकडे, दुसरी सासूबाईंच्या कमरेला, दुकानाच्या आणि कपाटाच्या किल्ल्यांमध्ये.

साखळी बास्केटमध्ये टाकली, तर सायकल उभ्या उभ्या पुढे मान टाकायची. कॅरिअरला बांधली, तर खड्ड्याखड्ड्यात खणखणायची. शेवटी सून ती गळ्यातून तिरकी घालायला लागली. अशा थाटात ती जिने चढून पेशंटच्या घरी जाई. एका हातात सुयांची पेटी, खांद्यावरून साखळी, कपाळावर घाम. दार उघडणारा माणूस आधी साखळीकडे बघे आणि मुकाट्याने बाही वर करी. एक आजोबा म्हणे लॅबला फार छळायचे, सुई पाहिली की पलंगाखाली जायचे. साखळी पाहून त्यांनी स्वतःहून दोन्ही हात पुढे केले. "घे बाई, हवं तेवढं घे," म्हणाले.

पण मान काही पोलादाची नसते. आठवडाभरात सुनेची मान एका बाजूला वळेना. सासूबाईंनी तेल चोळून दिलं, चोळता चोळता चार शब्द सुनावलेही, पण मनात त्यांनाही वाईट वाटलं. मग त्यांनीच तोड काढली.

"साखळी घेऊन फिरतेस कशाला? लॅबच्या बाहेरच ठेव ना कायमची. सकाळी तिथे सायकल लावतेस, आत जाऊन पेटी भरतेस, अर्धा-पाऊण तास जातो. चोरी होणार ती तिथेच. रस्त्यावर गर्दी असते ना! घरोघरी काय, पाच मिनिटांचं काम."

"आणि त्या पाच मिनिटांना काय लावू?"

"लक्ष लाव."

सुनेने लक्ष लावलं आणि वायरही लावली. ती तुटलेली वायर सासऱ्यांनी फेकलीच नव्हती. पाइपाला बसवतात ती पत्र्याची क्लिप घालून त्यांनी दोन्ही टोकं जोडली होती आणि गुपचूप सुनेच्या पर्समध्ये टाकली होती.

लॅबबाहेर जागा निवडायला सासूबाई जातीने गेल्या. तिथला सायकल-स्टँड त्यांनी तीनदा ओढला. हलला. "नापास." जवळच एक लोखंडी खांब होता. वर मोठी पाटी, खाली काँक्रीट. त्यांनी तीनदा ओढला, खांदा लावला, सासऱ्यांनाही खांदा लावायला सांगितला. खांब ढिम्म. साखळी तपासून झाली, कुलूप तपासून झालं, खांब तपासून झाला. खांब कुणाचा, एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सून पेटी भरून बाहेर आली, तर जमिनीत खड्डा. खांब नाही, साखळी नाही, सायकल नाही. शेजारचा डुगडुगणारा स्टँड मात्र आपल्या जागी उभा होता, वर दोन सायकली घेऊन.

समोरचा पानवाला म्हणाला, "नगरपालिकेची क्रेन आली होती ताई. खांब मुळासकट उपटला. साखळी कापायला बघत होते, पण कटरचं पातं मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. मग वैतागून सगळं एकदमच उचलून नेलं."

तिकडे पेशंट उपाशीपोटी ताटकळलेले. मॅडमनी घड्याळ दाखवलं. "नऊच्या आत सुरुवात नाही केलीस, तर तुझी फेरी स्कूटरवाल्याला देते. मग उद्याही त्यालाच." सुनेने घरी फोन लावला. सासरे उचलतील अशी आशा होती.

"बोल," सासूबाई म्हणाल्या.

"आई... तो खांब गेला."

"खांब? कुठे गेला?"

"नगरपालिकेने नेला."

"आणि सायकल?"

"खांबाबरोबर."

"आणि साखळी?"

"ती सायकलबरोबर."

सुनेला रिकाम्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला होता.

"म्हणजे," सासूबाईंनी हळूच विचारलं, "तुटली नाही?"

"नाही. त्यांची दोन पाती तुटली."

"थांब तिथेच. येते."

रिक्षात सासरे, सासूबाई आणि वाटेत घेतलेली सून. नगरपालिकेच्या यार्डात पोचले तेव्हा खांब आडवा पडला होता, एका टोकाला पाटी, दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा गड्डा, आणि मधे बिलगलेली सायकल. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा.

"ही साखळी कुणाची?" तो गरजला.

"माझी," सासूबाई म्हणाल्या, पदर खोचून.

"मावशी, आमची दोन पाती गेली!"

"जाणारच. निवडलीय कुणी!"

"खांबाला बांधायच्या आधी विचारायचं नाही का?"

"आणि उपटायच्या आधी सायकल कुणाची, ते तुम्ही विचारलंत?"

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली, कुलूप एका फेऱ्यात उघडलं. सायकलीचा फक्त एक दांडा वाकला होता, तोही सासऱ्यांनी गुडघ्यावर धरून सरळ केला.

आता सून पुढे आली. आवाज शांत, मान अजून थोडी वाकडीच.

"आई, आपली अट होती. आता तुम्हीच सांगा. सायकल गेली म्हणायची, की नाही?"

सासूबाई उत्तर द्यायला निघाल्या आणि थांबल्या. गेली म्हणावं, तर मुकादमासमोर आपणच निवडलेली साखळी नापास. नाही म्हणावं, तर मशीन रिकामं. मुकादमाची माणसं काम सोडून ऐकायला उभी राहिली. सासऱ्यांनी आभाळात काहीतरी बघायला सुरुवात केली.

"गेली काय गेली?" सासूबाई कडाडल्या. "माझी साखळी लावल्यावर सायकल जाते कुठे? जागा बदलली फक्त!"

सुनेने मान खाली घातली. हसू लपवायला तेवढी वळत होती.

"मावशी," मुकादम मऊ झाला, "आमच्या गेटचं कुलूप दर महिन्याला फोडतात हो. ही साखळी द्याल का?"

दुसरं कुणी असतं तर मिळाली नसती. पण पोलादाची पारख असलेल्या माणसाला नाही म्हणणं सासूबाईंना जड गेलं. "देते. पण आमच्या सुनेला आत्ताच्या आत्ता पहिल्या पेशंटच्या दारात सोडा. सायकलसकट."

नगरपालिकेच्या ट्रकमधून, वर पिवळा दिवा फिरवत, सून नऊला पाच मिनिटं असताना त्या पलंगाखालच्या आजोबांच्या दारात उतरली. सासूबाईही उतरल्या. सुनेने पर्समधून वायर काढली आणि चाकाला लावली. सासूबाईंनी क्लिप पाहिली. मग सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे ट्रकमधून उतरलेच नाहीत, ट्रकवाल्याशी बोलत पुढे गेले.

"तू जा वर," सासूबाई सीटवर हात ठेवून म्हणाल्या. "मी आहे इथे."

पहिलं घर झालं. दुसऱ्या घरी जायला सासूबाई कॅरिअरवर बसल्या. तिसऱ्या घराआधी चढ होता.

"काय गं, धापा टाकतेस?"

"नाही आई," सून पेडल मारत म्हणाली. "कुलूप भक्कम आहे. थोडं जड आहे, एवढंच."

"काय म्हणालीस?"

"भक्कम म्हणाले."

शेवटच्या घरापर्यंत सासूबाईंच्या पायात गोळे आले. उन्हात सायकलीला टेकून उभं राहणं हे मशीन चालवण्यापेक्षा अवघड निघालं. एकाही चोराने तिकडे ढुंकून पाहिलं नाही, याचा त्यांना जरासा रागही आला. नमुने मात्र सगळे वेळेत पोचले. मॅडमनी उद्याचीही फेरी सुनेलाच दिली.

संध्याकाळी सासूबाई पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसल्या. सुनेची पर्स ओढून घेतली, वायर काढली आणि सासऱ्यांपुढे टाकली.

"क्लिप जरा आवळून द्या. उद्या लागेल."

"म्हणजे आई, ही चालेल?" सुनेने विचारलं.

सासूबाईंनी वायर हातात घेतली, तीनदा ओढली आणि मान डोलावली.

"चालणारच," त्या म्हणाल्या. "निवडलीय कुणी!"