हॅनोव्हरचा हरवलेला ओटा

वसंत दामोदर पेडणेकर यांच्यासारखा गुप्तहेर अख्ख्या मुंबईत दुसरा नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि या मताविरुद्ध त्यांना आजवर एकही पुरावा सापडला नव्हता. नजर घारीची, कान सशाचे आणि नाक मुंगीचं, असं ते स्वतःचं वर्णन करत. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई यांच्या मते यातलं नाक तेवढं खरं होतं, कारण कुणाच्या घरी शिरा होतोय हे वसंतरावांना जिन्यातच कळायचं. एका विमा कंपनीच्या दावे विभागात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जळालेल्या दुकानांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवले. निवृत्तीच्या दिवशी नारळ हातात घेताना त्यांना साक्षात्कार झाला की आपण इतकी वर्षं नोकरी करतच नव्हतो, तपास करत होतो. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'व. दा. पेडणेकर, गुप्तहेर. बेल जोरात दाबावी.'

"अरे वसंत, दारावर पाटी लावल्यावर गुप्त काय राहिलं रे?" समोरच्या दारातल्या ॲलॉयशियस परेरांनी विचारलं होतं.

"पत्ताच गुप्त ठेवला तर अशिलं येणार कुठून?" वसंतराव म्हणाले. या उत्तरावर ॲलॉयशियसना काही सुचलं नाही, आणि तेवढ्या एका कारणावरून वसंतरावांनी त्यांना आपला सहायक नेमलं.

दार माटुंग्याचं असलं तरी पेडणेकर मूळचे वरळीच्या बीडीडी चाळीतले. चाळीच्या जागी टॉवर उभा राहीपर्यंत ते इथे भाड्यानं राहत होते. सामान आलं त्या दिवशी ॲलॉयशियस शेजारधर्म म्हणून हात लावायला खाली उतरले आणि एक जड वस्तू त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. नख अजून काळं होतं. एरवी ते वकिलाच्या कचेरीत टायपिंग करून निवृत्त झालेले शांत गृहस्थ, पण मधूनच त्या नखाकडे असे बघायचे की वसंतराव घाईनं विषय बदलत.

नव्या इमारतीत वसंतरावांनी दोन प्रकरणं सोडवली होती. गच्चीच्या किल्लीच्या प्रकरणात सात संशयित निघाले आणि किल्ली कुलपातच निघाली. पेपरचोरीच्या प्रकरणात दोन शेजारी कायमचे दुखावल्यावर कळलं की आदल्या दिवशी छापखान्याला सुट्टी होती. तिसरं प्रकरण मात्र थेट परदेशातून आलं.

वसंतरावांची एकुलती एक मुलगी ऋता नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत हॅनोव्हरला गेली होती. पाच महिने ती आणि शंतनु एका खोलीत दिवस काढत होते, कारण घर मिळता मिळत नव्हतं. त्रेचाळीस घरं बघून झाली, बेचाळीस मालकांनी नाही म्हटलं. त्रेचाळिसाव्या घरमालकीणबाई हो म्हणाल्या, तेव्हा सुभद्राबाईंनी इकडे पेढे वाटले. शनिवारी संध्याकाळी किल्ली मिळाली, रविवारी सकाळी जुनी खोली सोडली, आणि त्याच दिवशी गृहप्रवेश ठरला. आपल्या इकडच्या संध्याकाळच्या पाच वाजून बारा मिनिटांनंतर दिवस चांगला नाही, तोवर दूध उतू घालव, असं आईनं बजावलं होतं. नव्या घरात दूध उतू गेल्याशिवाय ते घर लाभत नाही, यावर सुभद्राबाईंची श्रद्धा ठाम होती.

रविवारी दुपारी अडीचला व्हिडिओ कॉल आला. ऋताचे डोळे लाल होते.

"बाबा, किचन नाहीये."

"लहान आहे का?"

"लहान नाही, बाबा. नाहीचे. बघायला आलो तेव्हा होतं. पांढरी कपाटं, सिंक, शेगडी, सगळं. आता बघा."

तिनं फोन फिरवला. चार भिंती, जमिनीतून वर आलेले दोन पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी. ओटा गेला होता. सिंक गेलं होतं. दिवेसुद्धा गेले होते.

वसंतरावांच्या अंगावर काटा आला आणि तो आनंदाचा होता, हे लपवायला त्यांना फार कष्ट पडले. आजवर किल्ल्या आणि पेपर झाले. पण ओट्यासकट अख्खं स्वयंपाकघर? त्यांनी ॲलॉयशियसना बोलावणं धाडलं, पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग काढलं आणि ते फोनच्या काचेवर धरलं.

"ठिपके दिसतायत," ते गंभीरपणे म्हणाले. "लाल, हिरवे, निळे. ॲलॉय, टिपून घे."

"ते फोनचे ठिपके आहेत रे," ॲलॉयशियस म्हणाले, पण टिपून घेतलं.

"चोर स्वयंपाक करणारा आहे," वसंतरावांनी पहिला निष्कर्ष काढला. "सोफा, खिडक्या, दारं, कशाला हात नाही. फक्त स्वयंपाकघर. म्हणजे खानावळवाला."

"सोफा नव्हताच, बाबा," ऋता म्हणाली.

"दिवे का नेले? कारण दिव्यांवर बोटांचे ठसे राहिले होते. चोर उंच आहे. खुर्ची न घेता छताला हात पोचतो."

"जर्मनीत सगळेच उंच आहेत, बाबा," शंतनु मागून म्हणाला.

"म्हणजे सगळेच संशयित. शंतनुराव, तुम्ही मला फक्त शेजाऱ्यांचं सांगा."

खालच्या मजल्यावर क्र्यूगर नावाचे एक म्हातारे राहत होते, एवढं शंतनुला माहीत होतं. शिवाय काल किल्ली घ्यायला गेले तेव्हा क्र्यूगर आणि आणखी एक माणूस मिळून अंगणात टेम्पोमध्ये पांढऱ्या फळ्या चढवत होते.

वसंतरावांनी भिंग खाली ठेवलं. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

तेवढ्यात हॅनोव्हरच्या दारावर टकटक झाली. क्र्यूगर स्वतःच आले होते. दोन वाक्यं बोलले, रिकाम्या किचनकडे टक लावून बघितलं, मान हलवली आणि गेले.

"ते म्हणाले, आज रविवार आहे, ड्रिल मशीन चालवू नका," शंतनुनं सांगितलं.

"कुणी चालवली होती?"

"कुणीच नाही."

"बघ ॲलॉय. ड्रिलचा विषय कुणी काढला? त्यानंच. आणि बघितलं कुठे? गुन्ह्याच्या जागेकडे. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच."

"मग त्यांनाच सरळ विचारूया का, फळ्या कसल्या होत्या?" शंतनु म्हणाला.

"मुळीच नाही. संशयिताला प्रश्न विचारला की तो सावध होतो. मी आजवर एकाही संशयिताला काही विचारलेलं नाही." हे मात्र अक्षरशः खरं होतं.

साडेतीनच्या सुमारास वसंतरावांचा अंतिम सिद्धान्त तयार झाला. घरमालकीणबाई, क्र्यूगर आणि टेम्पोवाला ही तिघांची टोळी आहे. घर किचनसकट दाखवायचं, करार करायचा आणि रातोरात ओटा उचलून पुढच्या भाडेकरूला दाखवायला न्यायचा. युरोपभर एकच ओटा फिरतोय. त्यांनी ॲलॉयशियसना घरमालकीणबाईंच्या नावे पत्र टाइप करायला बसवलं. चोवीस तासांत स्वयंपाकघर जागेवर आणा, नाहीतर पोलिसांत जातो, असा मजकूर होता.

"बाबा, नका ना पाठवू," ऋता म्हणाली. "एक बाई हो म्हणाली इतक्या महिन्यांनी. तिला चोर म्हटलं तर ती घर काढून घेईल. जुनी खोली पण सोडलीय आम्ही. मग कुठे जायचं?"

"कुणी माझ्या मुलीचं स्वयंपाकघर पळवायचं आणि मी इथे हात बांधून बसू?" वसंतराव म्हणाले, आणि खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. खरं सांगायचं तर त्यांना टोळीबिळीची फारशी चिंता नव्हती. पोरगी इतक्या लांब एका रिकाम्या घरात रडतेय, आणि तिथे जाऊन साधा बल्बसुद्धा आपण लावून देऊ शकत नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्या पत्राखेरीज त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

सुभद्राबाई इतका वेळ आतबाहेर करत होत्या. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

"ऋता, भिंतीतले खिळे आहेत का गं?"

"खिळे? नाही. एकपण नाही. भोकंसुद्धा बुजवलीत."

"पडद्यांच्या दांड्या?"

"त्यापण नाहीत."

सुभद्राबाईंना हसू यायला लागलं. "अहो गुप्तहेर, जरा आत या. ॲलॉयभाई, तुम्हीपण या."

माटुंग्याच्या त्या भाड्याच्या घरातला ओटा अरुंद होता. म्हणून त्याच्या शेजारी विटांवर एक काळा कडप्पा आडवा टाकून त्यावर सुभद्राबाईंनी दुसरी शेगडी मांडली होती. सुभद्राबाईंनी त्या दगडावर थाप मारली.

"हा कुणाचा?"

"आपला," वसंतराव म्हणाले.

"आला कुठून?"

"वरळीच्या खोलीतून. हे काय विचारणं झालं?"

"खोली रिकामी करताना आणखी काय काय आणलंत? सांगा की मुलीला."

वसंतरावांनी घसा खाकरला. "नळ. पंखा. बल्बचे होल्डर. दाराची कडी. कपडे वाळत घालायची पुली."

"आणि खिळे. ठोकून सरळ करून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवलेत. आपण निघालो तेव्हा त्या खोलीत मागे काय राहिलं होतं? चार भिंती आणि दोन पाइप."

"मग काय सोडून यायचा? माझ्या वडिलांनी गिरणीतल्या पगारातून घातलेला कडप्पा आहे तो."

"मग तो आधीचा जर्मन त्याचा ओटा कुणासाठी सोडून जाईल?"

ॲलॉयशियसनी आधी कडप्प्याकडे बघितलं आणि मग आपल्या अंगठ्याकडे.

"शंतनु," सुभद्राबाई म्हणाल्या, "खाली जा आणि त्या आजोबांना सरळ विचारून ये. चहा प्यायला नाही का जात आपण कुणाकडे, तसं जायचं."

पाच मिनिटांत शंतनु क्र्यूगरना घेऊनच वर आला. इकडे बऱ्याच घरांत असंच असतं, त्यांनी सांगितलं. ज्याचं किचन त्यानं न्यायचं, नवा येतो तो स्वतःचं आणतो. करारात तिसऱ्या पानावर तसं लिहिलेलंही होतं, पण ते पान शंतनुनं कंटाळून पुढे सरकवलं होतं. आधीचा भाडेकरू सात वर्षांचा शेजारी, म्हणून क्र्यूगरनी त्याला फळ्या उचलायला मदत केली होती. आणि मघाशी ते आले होते ते, रविवारी आवाज करायला मनाई असताना नवीन लोक आता आपलं किचन ठोकायला लागणार या धास्तीनं.

"बाबा," शंतनु म्हणाला, "ते विचारतायत, तुमचं किचन कुठाय? त्यांना वाटतंय आपलंच चोरीला गेलं."

वसंतराव एकदम वळले. "ॲलॉय, पत्र गेलं?"

"पाठवणारच होतो," ॲलॉयशियस म्हणाले. "पण ओट्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते आठवेना. तासभर तिथेच अडलोय."

वसंतराव कपाळावरचा घाम पुसत मोड्यावर बसले. वकिलाच्या कचेरीतल्या चिकट सवयींचा इतका उपयोग त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

पाच वाजत आले होते. तिकडे रविवारी दुकानं बंद, शेगडी नाही. क्र्यूगरना शंतनुनं कसंबसं समजावलं की दूध तापवायचंय. त्यांनी खालून विजेची छोटी शेगडी आणि भांडं आणून दिलं, वर दूधही दिलं. रिकाम्या खोलीत जमिनीवर शेगडी मांडली गेली. इकडे तिघंही फोनभोवती जमले. पाच नऊ झाले. दूध हलायला लागलं. पाच अकरा. साय वर चढली, भांड्याच्या काठाशी आली, सुभद्राबाईंनी हात जोडले, आणि क्र्यूगर आजोबांनी झडप घालून बटण बंद केलं.

दूध खाली बसलं. आजोबांनी समाधानानं सगळ्यांकडे बघितलं. एक थेंब सांडू दिला नव्हता.

सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "गेली वेळ. पाच बारा झाले."

"काहीतरी जळतंय," वसंतराव म्हणाले. मुंगीचं नाक शेवटी कामी आलं.

सगळे वळले. मघाशी कडप्प्यावरच्या शेगडीवर सुभद्राबाईंनी चहासाठी दूध मंद ठेवलं होतं आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. भांडं कधीचंच फेसानं भरून वाहत होतं. दूध शेगडीवरून उतरून काळ्या दगडावर पसरत होतं आणि दगडाच्या कडेनं थेंब थेंब खाली पडत होतं. वसंतराव बंद करायला धावले, तर सुभद्राबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. जाऊ दे पुरतं."

"आई, तुझं दूध," फोनमधून ऋता म्हणाली.

"माझं नाही गं, तुझंच. बघ, उतू गेलं. लाभलं घर तुला."

ऋता रडत रडत हसायला लागली. शाळेत असताना ती याच कडप्प्याच्या कोपऱ्यावर पाय सोडून बसायची आणि पाढे म्हणायची, आणि वरळीची खोली सोडताना वसंतरावांना तो दगड मागे ठेववला नव्हता तो त्यामुळेच. वडिलांच्या पगाराची गोष्ट त्यांनी लोकांना सांगण्यासाठी ठेवली होती. आता मात्र त्यांनी भिंग काढलं आणि उगाच बराच वेळ पुसत बसले.

"बाबा," ऋता म्हणाली, "आम्हालाही आता ओटा लागणारच आहे. तो कडप्पा इकडे पाठवता येईल का?"

वसंतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी दगडाची लांबी नजरेनं मोजली, दाराची रुंदी मोजली, जिन्याची वळणं आठवली, आणि मग सहायकाकडे वळले.

ॲलॉयशियसनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.