डब्यावरचं बदक

चुडामणभाऊ अल्बम उघडायच्या आधी दोन कामं करत. पंखा बंद करत आणि प्रमिलाबाईंच्या हातांकडे बघत. "ओले तर नाहीत?" एवढंच विचारत. आता बाईमाणसाचे हात कोरडे असण्याचा योग संसारात किती वेळा येतो? त्यामुळे नवऱ्याची बदकं प्रमिलाबाईंनी बरीच वर्षं स्वयंपाकघराच्या दारातूनच पाहिली होती.

ही बदकं म्हणजे तिकिटं. पण टपालाची नव्हेत. अमेरिकेत बदकांची शिकार करायची तर सरकारकडून दरसाल एक तिकीट घ्यावं लागतं, ते परवान्यावर चिकटवून वर सही ठोकावी लागते. त्यावर दरवर्षी नवं पाखरू. भाऊंचा पुतण्या लोटन तिकडे शिकायला गेला आणि काकांसाठी काय धाडू म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा भाऊंनी घड्याळ मागितलं नाही की रेडिओ मागितला नाही. बदक मागितलं. अमळनेरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकुनी करणाऱ्या माणसाला तळ्याकाठी कोण नेणार? हिवाळ्यात एखाद्या रविवारी हतनूरच्या धरणावर जाऊन लांबून पाहिलेली पाखरं, बाकी सगळी या तिकिटांवरची.

भाऊंच्या आई भागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "पाखरे मारानं तिकीट, आन तू कपाटमा ठेवस?"

"मारायचं नाही म्हणूनच ठेवतो, माय," भाऊ म्हणाले होते. तिकिटाची सगळी शान पाठीमागच्या गोंदात असते, जीभ लागली की ते तिकीट संपलं, हेही त्यांनी समजावलं होतं. गोंद जपण्यासाठी जगायचं हे भागाबाईंना काही पटलं नव्हतं.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात मात्र या बदकांना चांगले दिवस आले. जळगावच्या तिकीट प्रदर्शनात भाऊंना आपली तिकिटं मांडायला पहिल्यांदाच अख्खी चौकट मिळाली. आजवर ते दरवर्षी दुसऱ्यांच्या चौकटींसमोर हात मागे बांधून उभे राहत. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली. मग आठवड्याची रजा काढून वरणगावच्या मित्राकडे मुक्काम ठोकला आणि तिथून चौकटीच्या तयारीसाठी जळगावच्या चकरा सुरू केल्या; तिकिटं शेवटी घरी येऊन न्यायची होती. जाताना म्हणाले, "कपाटाकडे लक्ष असू दे." लक्ष असू दे म्हणाले, हात लावू नकोस म्हणाले नाहीत. पुढचं सगळं या फटीतून घडलं.

पावसानं झड धरली. भिंती ओलावल्या, काड्यापेटी पेटेना, मीठ पाझरलं. प्रमिलाबाईंनी हात तीन वेळा पुसून अल्बम उघडला तर पानांना घाम फुटलेला. तिकिटं आपापल्या पारदर्शक पिशव्यांत होती खरी, पण पिशव्यांच्या आतही धुकं धरायला लागलं होतं. बाईंनी घरभर नजर फिरवली. या घरात भर पावसात कडकडीत कोरडी राहणारी जागा एकच होती, आणि ती त्यांनी स्वतः केलेली होती: उडदाच्या पापडांचा डबा. चैत्राच्या उन्हात वाळवलेले पापड, झाकणाखाली दुहेरी फडकं, वर्षभर वाऱ्याला प्रवेश नाही. पिशव्या नीट पुसून त्यांनी पापडांच्या थप्पीथप्पीत एकेक बदक सरकवलं. झाकण लावताना त्यांना वाटलं, नवरा परत आला की आधी सांगायचं नाही, कोरडी तिकिटं हातात द्यायची.

गुरुवारी त्या दळण घेऊन गिरणीतून आल्या, तर फळीवर डब्याच्या जागी डब्याचा गोल डाग.

"कुंदाले दिधा," भागाबाई जपमाळ न थांबवता म्हणाल्या. राखीला येऊन राहिलेली लेक नुकतीच धुळ्याला सासरी गेली होती. "माहेरनी पोर रिकामा हाते जास का?"

प्रमिलाबाई दळणाच्या डब्यावरच बसल्या. पापडात काय आहे हे सासूला सांगितलं, तेव्हा जपमाळ थांबली.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं त्या धुळ्याला पोचल्या. कुंदाबाई दारातच हसत उभ्या. "या वहिनी, मना कानवर काहीच घातं नही? धंदा कव्हय सुरू कया?"

"कसला धंदा?"

"पापडना. बदकछाप." आणि त्यांनी अभिमानानं सांगितलं की डबा उघडला तर थप्पीथप्पीला लेबल, तेही असं रंगीत, मग त्यांनी गल्लीत घरोघरी एकेक थप्पी नमुना म्हणून वाटली. वहिनीचा धंदा, नणंदेनं नाही पसरवायचा तर कोणी?

पुढचा सारा दिवस नणंद-भावजय गल्लीत बदकं धरत हिंडल्या. कुणी ते पोराच्या कंपासपेटीत ठेवलेलं, कुणी आरशाला खोचलेलं. एकीकडे बदक परत मागितलं तर तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि पापड परत द्यायचे नाहीत, ते काल खिचडीबरोबर संपले, असं आधीच सांगून टाकलं. झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं तर हिमहंसाचं तिकीट देवघरात मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. सरस्वतीचा हंस आपल्या पायानं घरात आला, तो कसा काढून देऊ? शेवटी प्रमिलाबाईंनी नारळ वाहिला, देवासमोर हात जोडले आणि हंसाचं रीतसर विसर्जन करून घेतलं. पिशवीवरचं कुंकू पदरानं निघालं.

सगळी मिळाली, एक सोडून. तलवार बदक. लांब टोकदार शेपटीचं, भाऊंचं सर्वांत लाडकं, कारण तेच एक हतनूरच्या पाण्यावर त्यांनी खरंखुरं पाहिलं होतं.

"ते का?" कुंदाबाईंनी डबा पुढे केला. झाकणाच्या मधोमध तलवार बदक बसलं होतं. "पिशवीमाईन काढं, जीभ लायी आन चिटकाडी दिधं. गोंद काय भारी शे, वहिनी. नखेबी निघत नही."

प्रमिलाबाईंनीही नख लावून पाहिलं, निघेना. निघताना कुंदाबाईंनी डबा भरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. रिकामा डबा परत करायची रीत नाही.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा भाऊ रिकामा अल्बम मांडीवर घेऊन बसले होते. भागाबाईंनी लेकाला बातमी आपल्या पद्धतीनं दिली होती: "तुना बदके कुंदासंगे धुयाले ग्यात. पापडस्मा."

बाईंनी एकेक पिशवी समोर मांडली. मग डबा ठेवला आणि सगळं सांगितलं, घाम फुटलेल्या पानांपासून कुंदाबाईंच्या जिभेपर्यंत. शेवटी म्हणाल्या, "चौकटीत एक जागा रिकामी राहील. माझ्यामुळे."

भाऊंनी आधी पिशव्या उजेडाला धरल्या. एकीतही धुकं नव्हतं. गोंद कोरडा खणखणीत. मग झाकणावरून हलकेच बोट फिरवलं.

"नीट बसवलंय कुंदानं," ते म्हणाले. "एकही कोपरा उचललेला नाही." आणि थोड्या वेळानं, "तसं ते चिकटवण्यासाठीच असतं."

रविवारी जळगावला चौकटीतली एक जागा रिकामी होती. खाली भाऊंच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती, 'तलवार बदक खाली डब्यावर आहे.' आणि खाली टेबलावर डबा. माणसं चिठ्ठी वाचत, वाकून डबा बघत, मग भाऊंना विचारत, हे कसं? भाऊ सांगत. जन्मात इतकं न बोललेला माणूस दुपारपर्यंत घसा बसेस्तोवर बोलत होता. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी चश्मा काढून सांगितलं की वापरलेलं तिकीट, तेही डब्यासकट, नियमात बसत नाही. पदक दुसऱ्या चौकटीला गेलं. ते परीक्षक पुन्हा आले ते चश्मा लावून, "त्या डब्यात पापड आहेत का हो?" असं विचारायला. बिबडे होते. तेही संपले.

पुढच्या चैत्रात गच्चीवर उडदाचे पापड नेहमीच्या कितीतरी पट पसरले होते. धुळ्याच्या गल्लीला तीच बदकछाप हवी होती आणि जळगावची मंडळीही निरोपावर निरोप पाठवत होती. लोटननं यंदा बदकं दोन पाठवली, एक अल्बमसाठी, एक डब्यासाठी. चुडामणभाऊंनी स्वतः काढलेलं तलवार बदकाचं चित्र छापखान्यातून छापून आणलं होतं, आणि कोपऱ्यात बसून मैद्याच्या खळीनं ते एकेका पुड्यावर मन लावून चिकटवत होते. एक पापड वाऱ्यानं हलला, म्हणून धरायला वाकले.

प्रमिलाबाई लाटता लाटता थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ओले तर नाहीत?"