पलंगाखालचा प्रॉम्प्टर

नटाला काय लागतं? आवाज, चेहरा आणि थोडा माज! तिन्ही माझ्याकडे आहेत. धारगळला हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे हे खरं, पण मी मूळचा नट. आमच्या जत्रेच्या नाटकात तीस वर्षं महाराजांची भूमिका या बाबलीनेच केली. माझी गर्जना ऐकून पहिल्या रांगेतली पोरं रडायची. पुढच्या वर्षी त्यांच्या आया त्यांना पाचव्या रांगेत बसवायच्या!

आणि यंदा दिग्दर्शक सदाशिवने मला काय दिलं? द्वारपाल! हातात भाला आणि तोंडात एक वाक्य नाही.

"वय झाला तुझा, बाबल्या. पाठ रवणा नाय तुका," म्हणे.

अहो, पाठ होतं कधी? पाठांतर करायला मी काय शाळेत जातो? त्यासाठी विंगेत गुरुदास होता की! हा माझा शेजारी, पोस्टातून रिटायर झालेला, तीस वर्षं माझा प्रॉम्प्टर. त्याने कुजबुजायचं आणि मी गर्जायचं. त्याचं वाक्य माझ्या कानातून शिरून थेट तोंडातून बाहेर पडायचं, मधे डोक्याला तोशीस नाही!

रागाने मी आठ दिवस घरात कुणाशी बोललो नाही. "बरा झाला," आमची बायको प्रभावती म्हणाली.

नवव्या दिवशी सदाशिवची मुलगी पूजा घरी आली. ती म्हापशाच्या बाजूला एका नर्सिंग संस्थेत शिकवते.

"बाबलीकाका, आमच्याकडे सिम्युलेशन असा. पेशंट म्हणून येशात?"

"माका काय झालाहा?"

"काय नाय! तुमी खोटे पेशंट. परीक्षेक पोरां तुमका तपासतली. चुकली तर तुमच्यावर चुकांदेत, खऱ्या पेशंटावर नको."

गुरुदास बाजूलाच चहात पाव बुडवत बसला होता. "म्हणजे शिगम्यातला सोंग!" तो म्हणाला.

मी मात्र ओळखलं, हीच संधी! भूमिका रविवारी पक्क्या व्हायच्या होत्या आणि पूजा घरी जाऊन बापाला सगळं सांगणार होती. दुखण्याचं असं सोंग वठवतो, की सदाशिव स्वतः महाराजांचा मुकुट घेऊन दुकानावर येईल!

पूजाने एक कागद दिला. पेशंटने काय सांगायचं, काय लपवायचं, सगळं त्यावर छापलेलं होतं. "पाठ करा हां, काका," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि ती वळताच कागद गुरुदासच्या खिशात घातला.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तासभर आधीच पोचलो. खोलीत बटणावर वर-खाली होणारा पलंग होता आणि त्यावरची चादर पार जमिनीपर्यंत.

"गुरुदास, शीर खाली!"

"बाबल्या, ह्या बरोबर नाय."

"अरे, हयसर विंग खय असा? मगे बसतलस खय?"

हे त्याला पटलं. कागद आणि टॉर्च घेऊन तो पलंगाखाली शिरला. पूजा आली आणि काचेपलीकडे गुणांचा तक्ता घेऊन बसली. खोलीतलं बोलणं तिला तिथे स्पीकरवर ऐकू येत होतं.

पहिला विद्यार्थी अक्षय.

"काका, काय होता तुमका?"

खालून कुजबूज आली. मी असा कण्हलो, की अक्षयचं पेन पडलं. "छातीत दुखतंय! डावा हात जड झालाय!"

"कधीपासून?"

"सकाळी सहापासून! पेशंटने घाम पुसावा!"

"आं?"

"गोळ्यांची अ‍ॅलर्जी आहे, हे विचारल्याशिवाय सांगू नये!"

घोटाळा काय झाला, सांगतो. नाटकाच्या वहीत सूचना कंसात असतात. कंसातलं वाचायचं नाही, हे गुरुदासला पक्कं ठाऊक. पण या कागदावर कंसच नव्हते! त्याने ओळीनं सगळं वाचलं आणि मी ओळीनं सगळं म्हटलं. अक्षयने खुशीत सगळं उतरवून घेतलं. काचेपलीकडे पूजाने डोकं हातात धरलं. मला वाटलं, पोरगी गहिवरली!

मग आली सेजल. उंचीने बेताची, पण नजर भारी बारीक. छाती तपासायला तिचा हात पुरेना, म्हणून तिने बटण दाबून पलंग खाली घेतला.

"अरे, खाली येता! खाली येता!" खालून गुरुदास.

"अरे, खाली येता! खाली येता!" वरून मी, जीव तोडून.

"काय खाली येता, काका?"

"पलंग! पाय अडाकलो माझो!" खालून आलं तसं मी म्हटलं.

सेजलने माझे पाय बघितले. दोन्ही पाय चादरीवर ऐसपैस पसरलेले! "पाय बरे असत तुमचे. छातीत दुखता ना?"

"मेलंय गे बाये, मेलंय!" खालून गुरुदास.

तीस वर्षांत गुरुदासच्या आवाजात एवढी जान मी ऐकली नव्हती. मलाही चेव चढला. त्याच्या वरताण ओरडलो! दारात बाकीचे विद्यार्थी गोळा झाले.

"बाबल्या, गाढवा, तू गप रव! ह्या मी बोलतंय!"

"बाबल्या, गाढवा, तू गप रव! ह्या मी बोलतंय!" मी गरजलो.

आणि थांबलो. बाबल्या म्हणजे मीच की!

सेजल माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तोंड मिटलेलं, तरी कण्हणं चालूच! तिने झटकन पलंग वर घेतला, चादर उचलली आणि गुडघ्यांवर बसली. लोखंडी पट्टीखाली पाय सापडलेला गुरुदास टॉर्चसकट बाहेर आला, घामाने चिंब.

"आजोबा, खय दुखता?"

"हयसर, घोट्याक."

"बोटां हलतत?"

"हलतत."

प्रश्नाला उत्तर. एक शब्द जास्त नाही की कमी नाही! सेजलने बर्फ लावला, पट्टी बांधली, धीर दिला. पूजा धावत आली आणि माझ्यासमोर तिने सेजलच्या तक्त्यावर पैकीच्या पैकी गुण लिहिले. "खरो पेशंट वळाखलंस तू," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते मात्र खरं होतं.

रविवारी देवळाच्या मंडपात सदाशिव उभा राहिला.

"पूजेन माका सगळा सांगल्यान. काय तो अभिनय! काय तो आवाज!"

मी कॉलर नीट केली.

"महाराज करतलो... गुरुदास!"

लंगडत लंगडत गुरुदास पुढे गेला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "मगे प्रॉम्प्टर कोण?" आणि सगळा मंडप माझ्याकडे वळला.

तेव्हापासून तालमीला मी वही घेऊन विंगेत बसतो. कंसातलं एक अक्षर वाचत नाही! पण खरं सांगू? माझं वाचणं कुणी ऐकतच नाही. गुरुदासला अख्खं नाटक पाठ आहे. तीस वर्षं त्यानेच तर वाचलंय!